सातव्या जोडीच्या सहा कुप्या

ताईंना प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातल्या शेवटच्या नऊ वर्षांत त्यांनी सलग चार दिवसांची सुट्टी एकदाही घेतली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "लेकरं आहेत हो, त्यांना उपाशी टाकून कुठे जाऊ?" नवीन माणसाला वाटायचं, बाईंना बरीच मुलं दिसतात. खरं तर त्यांना एकच मुलगी. ती सत्तावीस वर्षांची, नोकरीला लागलेली, वेगळी राहणारी. ताईंची लेकरं म्हणजे सदतीस अंशांच्या उबदार कपाटात, प्लास्टिकच्या चपट्या बशांमध्ये, गुलाबी पोषक पाण्याखाली वाढणाऱ्या पेशी. त्यांना रोज ताजं पाणी लागायचं. रविवार असो, संप असो, ताईंना ताप असो, पेशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एकदा मुलीकडे जेवायला जायचं ठरलं आणि ताई ऐनवेळी अडकल्या, तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, त्या बशांना जितक्या वेळा भरवलंस ना, त्याच्या निम्म्या वेळाही मला भरवलं नसशील." ताई हसल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं, तर ते अगदी खरं होतं.

या पेशी आल्या कुठून, तर माणसांच्या रक्तातून. एखाद्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, घरच्यांवरच संशय येऊ लागतो, चांगला हसता-खेळता माणूस बघता बघता आत मिटून जातो. अशा आजारात नेमकं काय बिघडतं ते बघायचं कसं? जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तर काढता येत नाही. म्हणून त्याच्या हातातून थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना औषधं देऊन उलट्या पावली मागे न्यायचं, इतकं मागे की आपण पुढे जाऊन रक्त व्हायचं की कातडी व्हायची की काळीज, हे त्यांचं अजून ठरलेलंच नाही. या झाल्या मूळपेशी. मग त्यांना निराळ्या वाटेने पुढे आणायचं आणि त्यांच्यापासून मेंदूतल्या चेतापेशी बनवायच्या. त्या माणसाच्याच घडणीच्या चेतापेशी बशीत उगवतात, एकमेकींना धागे जोडतात, आणि खाली बसवलेल्या यंत्रात त्यांच्या बारीक बारीक ठिणग्या मोजता येतात. ऐकायला सोपं वाटतं. करायला वर्ष जातं, आणि त्या वर्षात एक दिवस कोणाचा हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

ताई आधी रक्त तपासणीच्या दवाखान्यात होत्या. शीर शोधण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. प्रयोगशाळेत आल्यावर त्या नवं काम शिकल्या ते बघून बघून, हातानेच. मूळपेशींच्या बशीत काही पेशी भलतीच वाट धरतात, त्यांचे पिवळट, सैल पुंजके दिसतात. ते रोज सूक्ष्मदर्शकाखाली बारीक टोकाने खरवडून काढावे लागतात. ताई त्याला खुरपणी म्हणायच्या. मोठमोठ्या पदव्यांची माणसं खुरपणीला बसली की अर्ध्या तासात मान धरून उठायची. ताई तीन-तीन तास बसायच्या, आणि उठल्या की त्यांची बशी स्वच्छ असायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. हुशार, कामाला वाघ, बोलायला तडकफडक. चुका झाल्या की सगळ्यांदेखत झापायच्या, पण संध्याकाळी स्वतःच येऊन "चहा घेणार का ताई?" असंही विचारायच्या. दोघींचं बरं जमायचं. निदान सातव्या जोडीचा घोळ होईपर्यंत तरी जमायचं.

मॅडमना जुळ्यांचा शोध घ्यायचा होता. अगदी सारखे दिसणारे, एका पेशीचे दोन भाग होऊन जन्मलेले जुळे, आणि त्यातला एक आजारी, दुसरा ठणठणीत. घडण तीच, मग एकच का आजारी पडला? अशा नऊ जोड्या मोठ्या खटपटीने मिळाल्या. त्यातली सातवी जोडी दोन भावांची. थोरला अकरा मिनिटांनी मोठा, चष्म्याचं दुकान चालवणारा, बोलका. धाकटा विसाव्या वर्षी आजारी पडला तो कधी बरा, कधी वाईट असाच होता. नियमाप्रमाणे त्यांची नावं बाहेर ठेवली आणि बशांवर खुणा आल्या. थोरला सात-अ, धाकटा सात-ब. दोघांचं रक्त ताईंनीच काढलं होतं. थोरला गप्पा मारत होता, धाकटा सुईकडे टक लावून बघत होता. शेवटी त्याने एकच विचारलं होतं, "याचं पुढे काय झालं ते कळवाल ना?"

"कळवू की," ताई म्हणाल्या होत्या.

वर्षभराने पहिली फेरी पूर्ण झाली. थोरल्याच्या चेतापेशी नीट ठिणग्या टाकत होत्या, धाकट्याच्या मंद, विस्कळीत. इतर जोड्यांत इतका स्पष्ट फरक कुठेच नव्हता. मॅडम हरखून गेल्या. पण एका फेरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. तीच गोष्ट पुन्हा करून दाखवावी लागते. उरलेल्या मूळपेशी आठ कुप्यांत, चार अ आणि चार ब, द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. करंगळीएवढ्या कुप्या, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

घोळ झाला तो या टाकीत. दोन वर्षांपूर्वी नायट्रोजन आणणारी गाडी तीन दिवस आली नाही आणि टाकीतली पातळी खाली जाऊ लागली. ताईंनी एकटीने सगळे डबे शेजारच्या विभागाच्या टाकीत हलवले. जाडजूड हातमोजे, डोळ्यांसमोर पांढरं धुकं, हातात बर्फाने निसरडे झालेले डबे. सातव्या जोडीचा डबा तिरका झाला, आणि आठही कुप्या आपापल्या खणांतून निसटून तळाला आल्या. त्यात कुप्या गोठवल्या तेव्हाच्या चिठ्ठ्यांचा गोंद थंडीत टिकत नव्हता. आठपैकी एकाही कुपीवर चिठ्ठी नव्हती. आठ चिठ्ठ्या डब्याच्या तळाशी वाळक्या पानांसारख्या पडल्या होत्या.

ताईंनी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. मॅडम कुठल्याशा परिषदेला निघाल्या होत्या.

"मॅडम, सातच्या चिठ्ठ्या गळून पडल्यात. कुप्याही हलल्यात. वरच्या ओळीत अ होते, खालच्या ओळीत ब. आता अंदाजाने डावीकडे चार धरल्यात, उजवीकडे चार. पण खात्रीने सांगता येत नाही."

"डबा कुठल्या बाजूला कलला होता?"

"उजवीकडे, मला वाटतं."

"मग खालची ओळ तिकडे घसरली असणार, उजवीकडचे ब. तुमच्या हाताला ठाऊक असतं ताई, लिहून टाका. गाडी सुटतेय माझी."

ताईंनी लिहून टाकलं. रजिस्टरात तारीख, डब्याचा नंबर, "चिठ्ठ्या पुन्हा लावल्या", आणि खाली सही. सही अर्थातच ताईंची.

पुढे मूळ रक्ताचा थेंबही उरला नाही, पहिल्या फेरीच्या बशाही संपल्या. या वर्षी ताईंनी एक अ आणि एक ब कुपी उघडून दुसरी फेरी लावली. चौदा आठवडे रोज पाणी बदललं, रोज खुरपलं. आणि यंत्राचे आकडे आले.

मॅडमनी ताईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. पडद्यावर दोन आलेख होते.

"हे बघा. पहिल्या फेरीत ब मंद, अ झकास. आता अ मंद, ब झकास. आरशात धरल्यासारखं उलटं. ताई, कुप्यांचं काही झालं होतं का?"

"झालं होतं की. टाकी हलवली तेव्हा. मी फोन केला होता तुम्हाला."

"मला?"

"तुम्ही म्हणालात उजवीकडचे ब, लिहून टाका."

मॅडमनी कपाळावर आठ्या घातल्या. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या हे दिसत होतं, आणि त्यांना काहीही आठवत नव्हतं हेही दिसत होतं. ताईंना तेच जास्त लागलं. खोटं बोलत असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. ताईंचं अक्षर, ताईंची सही. एकही शब्द मॅडमचा नव्हता.

एरवी असा घोळ सोडवायला साधी चाचणी असते. पेशीची जनुकीय घडण तपासायची, माणसाच्या घडणीशी ताडून बघायची, आणि कुठली कुपी कोणाची ते सांगायचं. पण हे जुळे. त्या चाचणीच्या लेखी दोघं मिळून एकच माणूस. या कामासाठी जुळे हवेत म्हणून जंग जंग पछाडलं होतं, आणि आता जुळे आहेत म्हणूनच हात टेकायची वेळ आली होती.

मॅडमनी दोन्ही आलेख पडद्यावर एकावर एक ठेवून पाहिले. मग एकदम सरळ बसल्या.

"पण थांबा. म्हणजे चिठ्ठ्या उलट लागल्या. तसं धरलं तर दोन्ही फेऱ्या जुळतात! आपला निष्कर्ष पक्का होतो. तुम्ही फक्त रजिस्टरात लिहा, की त्या दिवशी अ आणि ब यांची अदलाबदल झाली. मी खाली सही करते."

"पण झाली का ते मला माहीत नाही."

"आकडेच सांगतायत ना!"

"आकडे असंही सांगत असतील की पहिल्या फेरीचा फरक नुसता योगायोग होता. बशा लहरी असतात मॅडम. मागे चौथ्या जोडीने नाही का तोंडघशी पाडलं आपल्याला? आणि दुसरं म्हणजे, चार-चारचे गटच मी अंदाजाने केले. उरलेल्या सहा कुप्यांत दोन अ आणि चार ब असतील, किंवा आणखी काही. नुसती अदलाबदल म्हणून सुटत नाही ते."

"ताई, सहा वर्षं घातलीयेत मी यात."

"मी काय घरी झोपले होते?"

हे जरा जोरातच निघालं तोंडातून. मॅडमनी पडद्यावरचे आलेख बंद केले. ताईंनाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. उत्तर आवडलं म्हणून चिठ्ठी फिरवायची, तर मग बशा वाढवायच्या कशाला, घरी बसून आकडे लिहिले तरी चाललं असतं, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि बाहेर आल्या.

पुढचे तीन दिवस दोघी फक्त कामापुरतं बोलत होत्या. ताई घरी गेल्या तरी रजिस्टर डोक्यातून जात नव्हतं. त्यांचे यजमान तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मग लिही ना की माहीत नाही."

"कुठे लिहू? तारीख आहे, नंबर आहे, काय केलं ते आहे, कोणी केलं ते आहे. माहीत नाही असा रकानाच नाही त्यात."

"मग समासात लिही."

"समासात लिहिलेलं कोण वाचतं?" ताई एवढ्या तडकल्या की यजमान उठून आतल्या खोलीत निघून गेले. चिडायचं होतं मॅडमवर, त्या गोंदावर, त्या न आलेल्या गाडीवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. फोनवर "नाही मॅडम, असं लिहिता येणार नाही" एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तेव्हा हातावर बर्फ होता, टाकी रिकामी होत होती, आणि "तुमच्या हाताला ठाऊक असतं" हे ऐकून मनातून जरा बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणंच त्यांना आता सलत होतं.

चौथ्या दिवशी मॅडम स्वतः खुरपणीच्या टेबलाशी आल्या. चेहरा ओढलेला.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. ते म्हणताना त्यांना त्रास झाला हे लपलं नाही. "एक बारीक चाचणी असते. जुळ्यांतही जन्मानंतर कुठे कुठे चुकार फरक पडतात, ते शोधता येतात. कधी सापडतात, कधी नाही. पण त्याला दोघांचं ताजं रक्त लागेल. आणि चाचणी नाही जमली तर नव्याने पेशी करू. तुम्ही जाल? तुम्हाला ओळखतात ते."

"जाते."

"फक्त एवढंच सांगा, की आधीचा नमुना कमी पडला."

ताईंनी बशीवर झाकण ठेवलं.

चष्म्याचं दुकान चौकाला लागून होतं. पुढे काचेची कपाटं, भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता, आणि मागे पडद्याआड एक टेबल, जिथे बसून धाकटा चष्म्यांच्या काड्यांचे स्क्रू बसवायचा. बरा असला की सकाळभर बसायचा. नसला की आठवडा आठवडा खाली उतरायचा नाही. दुकानाच्या वरच त्याची खोली होती.

थोरल्याने ताईंना लगेच ओळखलं. "या या ताई! बसा. डोळे तपासायचेत?"

"डोळे ठीक आहेत. रक्त मागायला आलेय परत."

तो हसला. मग ताईंचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं. "का? आधीचं काय झालं?"

आधीचा नमुना कमी पडला, हे वाक्य ताई वाटभर घोकत आल्या होत्या. तोंडातून निघालं ते निराळंच. "आमच्याकडून चिठ्ठ्या गळाल्या. माझ्या हातून. आता तुमच्या पेशी कुठल्या आणि धाकट्यांच्या कुठल्या, ते सांगता येत नाही."

थोरल्याने हातातली काच पुसता पुसता खाली ठेवली. "म्हणजे चार वर्षं पाण्यात?"

"पाण्यात असं नाही…"

"एक विचारू? काही तरी दिसलं म्हणूनच घोळ कळला ना तुम्हाला? काय दिसलं? माझ्यातही निघालं का तसलं काही?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. एकदा धाकट्यांच्या नावाच्या पेशी मंद दिसल्या, एकदा तुमच्या नावाच्या. चिठ्ठी चुकली असेल, किंवा मुळात तसा काही फरकच नसेल. आणि बशीत मंद दिसलं म्हणजे माणूस आजारी पडणार, असंही नसतं. तेवढं आम्हाला कळतच नाही अजून."

"तुम्ही माहीत नाही म्हणालात की मला निघालं असंच ऐकू येतं." त्याचा बोलका आवाज बसला होता. "ताई, याला विसाव्या वर्षी झालं. एकविसाव्या वर्षी मी रोज सकाळी उठून स्वतःचा कानोसा घ्यायचो, आवाज येतोय का म्हणून. कितीतरी वर्षं. आता कुठे सुटलंय ते. मुलगी शाळेत जायला लागलीय माझी. मला नाही परत त्यात पडायचं. नाही देणार मी."

"दिलं नाहीत तरी काही हरकत नाही. कारणही सांगायला नको, संमतीच्या फॉर्ममध्येच आहे तसं."

"माहितीय. तरी सांगितलं."

पडदा बाजूला झाला. धाकटा उभा होता, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. चार वर्षांत अंगाने सुटला होता, औषधांनी चेहरा जड झाला होता. पण आवाज स्वच्छ होता.

"माझं घ्या."

"तू आत जा रे," थोरला म्हणाला, पण रागाने नव्हे.

"दादा, ऐकलंय मी सगळं." तो ताईंकडे वळला. "दोघांतला कोण कुठला हेच कळेना तुम्हाला, मग माझ्यात काय बिघडलंय ते कसं कळणार होतं?"

त्याने उत्तराची वाट बघितली, अगदी सभ्यपणे.

"कळवणार होतात," तो म्हणाला. "मी फोन केले होते दोनदा. पहिल्यांदा म्हणाले काम चालू आहे, दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही."

"मला निरोप मिळाला नाही."

"मिळाला असता तर काय सांगितलं असतंत?"

"काम चालू आहे, हेच," ताई म्हणाल्या.

तो मान हलवून आत गेला. ताई निघाल्या तेव्हा थोरल्याने दारापर्यंत येऊन त्यांची पिशवी हातात दिली.

मॅडमचा भडका उडायचा तो उडालाच. "चिठ्ठ्यांचं सांगायची काय गरज होती? नमुना कमी पडला म्हटलं असतं तर आज दोघांचं रक्त हातात असतं!"

"असतं," ताई म्हणाल्या. "आणि पुढे छापून आल्यावर त्यांनी वाचलं असतं तर?"

"कोण वाचतं हो असलं?"

"धाकटे वाचतील. त्यांनी दोनदा फोनही केला होता."

मॅडमनी हातातली फाइल टेबलावर आपटली, आणि मग स्वतःच उचलून नीट ठेवली. एकट्या धाकट्याच्या रक्ताचा उपयोग नव्हता. काम जोडीचं होतं. पंधरवड्याने सातवी जोडी अभ्यासातून वगळल्याचं मॅडमनी कळवलं. कारणाच्या जागी "तांत्रिक अडचण" असं लिहिलं. ताईंनी ते वाचलं आणि रजिस्टर घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"त्या दिवशीच्या नोंदीखाली लिहा, फोनवरून तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"मला आठवत नाही ताई. आठवत नाही त्याच्यावर सही कशी करू?"

ताई हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसल्या. "बरोबर आहे. तसंच मीही म्हणत होते."

मॅडमना ते कळलं. त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं, आणि लिहिलं: कुप्यांची ओळख खात्रीलायक नाही, वापरू नयेत. खाली दोघींच्या सह्या झाल्या. ताईंना हवं ते हे नव्हतं, पण याच्यापेक्षा जास्त काही मिळणारही नव्हतं. सहा कुप्या टाकीत तशाच राहिल्या. नियमाप्रमाणे त्या टाकून द्यायला संस्थेच्या समितीची परवानगी लागते, आणि समितीची बैठक दोनदा पुढे गेली.

उरलेल्या आठ जोड्यांवर शोधनिबंध तयार झाला. सर्वांत ठळक जोडी गेल्यामुळे त्यात फारसा दम राहिला नव्हता. पहिल्या नियतकालिकाकडून तो परत आला, "फरक पुरेसा स्पष्ट नाही" असा शेरा घेऊन. मॅडम आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग दुसरीकडे पाठवला. तिथून काहीच उत्तर येत नव्हतं. दोघींचा चहा पुन्हा सुरू झाला, पण आता चहा पिताना कामाचं सोडून बाकी सगळं बोलणं व्हायचं.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला फाटकावरून फोन आला, की तुम्हाला भेटायला कोणी आलंय. धाकटा. एकटाच बसने आलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. फाइलमध्ये चार वर्षांपूर्वीचा संमतीचा फॉर्म.

"यात लिहिलंय, मला प्रयोगशाळा बघता येईल."

लिहिलं होतं खरं. आजवर कोणी मागितलं नव्हतं एवढंच. ताईंनी मॅडमना विचारलं. मॅडमनी एकदा नको म्हटलं, मग दाखवा म्हटलं, आणि स्वतः मात्र खोलीबाहेर आल्या नाहीत.

ताईंनी त्याला पांढरा कोट दिला, पायांत चढवायला पिशव्या दिल्या. कपाट उघडून एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्याने डोळा लावला.

"हे माझं नाही."

"नाही. दुसऱ्या कोणाचं."

"आजारी माणसाचं?"

"ते मलाही सांगत नाहीत. खुणेवरून कळू नये अशीच व्यवस्था केलीय आता."

"बघून ओळखता येतं?"

"नाही."

"यंत्राला?"

"अजून तरी नाही."

तो बराच वेळ बघत राहिला. ताईंना वाटलं आता कंटाळेल, पण त्याने स्वतःच चक्री फिरवून चित्र स्पष्ट करून घेतलं. काचांची सवय होती त्याला.

"हलत नाहीत," तो म्हणाला.

"हलत नाहीत, पण धागे काढतात. त्या कोपऱ्यातली बघा, तिचा एक फाटा शेजारणीकडे चाललाय. आज अर्ध्यावर आहे. दोन-तीन दिवसांनी पोचलेला दिसेल."

"की नाही पोचणार?"

"नाहीही पोचणार. काही मधेच वाळतात."

त्याने डोळा काढला आणि ताईंकडे बघितलं. "मला राग आलेला आहे," त्याने सरळ सांगितलं. "डॉक्टर म्हणतात राग आला की बोलून दाखवायचा. म्हणून आलो."

"बोला."

"मला वाटलं होतं, तुम्हाला काही तरी सापडेल. औषध नको, बरं व्हायचं नको. नुसतं इथे आहे म्हणून बोट ठेवून दाखवाल. दादाला वाटतं मी कधी कधी मुद्दाम करतो. त्याला दाखवता आलं असतं."

ताई स्टुलावर बसल्या. बाहेर कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. "मलाही वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने सापडेल असं वाटलं होतं."

"मग राग येत नाही तुम्हाला?"

"येतो ना. घरी नवऱ्यावर निघतो."

तो पहिल्यांदा हसला, अगदी थोडंसं. मग सोमवारी परत येऊन तो कोपऱ्यातला फाटा पोचला का ते बघेन म्हणाला. ताईंनी बशीच्या झाकणावर त्या जागी बारीक टिंब काढलं, फाटकावरच्या वहीत त्याचं नाव लिहून ठेवलं, आणि त्याला बस-थांब्यापर्यंत सोडून आल्या.

सोमवारी तो आला नाही. दुपारी थोरल्याचा फोन आला. रविवारपासून धाकटा खोलीतून उतरला नव्हता, जेवण दाराशी ठेवावं लागत होतं. "तुम्हाला निरोप द्यायला सांगितलंय त्याने. बशीचं काय झालं ते विचारलंय."

ताईंनी सकाळीच बघितलं होतं. फाटा टिंबापाशी आला होता आणि वळून भलतीकडेच गेला होता, तिसऱ्याच एका पेशीकडे.

"वळला म्हणून सांगा," ताई म्हणाल्या.

"वळला म्हणजे चांगलं की वाईट?"

"ते नाही सांगता येत. वळला एवढंच सांगा. कळेल त्यांना."

थोरल्याने बरं म्हटलं, आणि दोघांनी फोन ठेवला. ताईंनी हातमोजे बदलले, गुलाबी पाण्याची बाटली उबेतून बाहेर काढली आणि पहिल्या बशीचं झाकण उचललं. अजून एकवीस बशा व्हायच्या होत्या.